भूगोलाच्या बाई आणि शिस्तीची कात्री

शिस्त म्हणजे काय हे खरोखर कळलेलं एकच माणूस मी सक्करदऱ्याच्या आमच्या शाळेत वीस वर्षांत पाहिलं, आणि बेशिस्तीचा ठपका ठेवून संस्थेनं नेमकी त्याच माणसाची बदली केली! आमच्या भूगोलाच्या बाई. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की त्या सातवीत नद्या शिकवू लागल्या की दहावीची उजळणी आपोआप व्हायची. चुकून एखाद्या निरपराध पोरावर ओरडल्या, तर पुढचा तास स्वतः वर्गाबाहेर उभ्या राहायच्या. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही बाहेर कशा?" बाई शांतपणे म्हणाल्या, "शिक्षा भोगून राहिली. दहा मिनिटं बाकी हायेत, मंग बोलू." अधिकारी बिचारे दहा मिनिटं थांबले.

स्टाफरूममध्ये तर आम्ही त्यांना टरकूनच असायचो. वर्गात फोन पाहताना मी सापडलो, तेव्हा त्यांनी पोरांसमोर हात पुढे केला. "पोट्ट्याईले फोन बंद, अन् तुमाले काहून चालू, सर?" माझा फोन शेवटच्या घंटेपर्यंत खडूच्या डब्यात पडून होता. मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता.

आमच्या खेळाच्या सरांची शिस्त वेगळी. ती त्यांच्या खिशात असायची, कात्रीच्या रूपानं. मुलींनी रिबिनी लावून दोन वेण्या घालायच्या, हा शाळेचा नियम. गेल्या वर्षी एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी नववीतल्या एका मुलीला केस मोकळे म्हणून पुढे ओढलं. "वेण्या काहून नाही घातल्या वं?" पोरगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, हाताले पलस्तर हाये. आई पहाटेच ड्युटीवर जाते." तिची आई रामदासपेठेतल्या दवाखान्यात नर्स होती. पलस्तर सगळ्या मैदानाला दिसत होतं. सरांना दिसला फक्त नियम! त्यांनी केस मुठीत धरले आणि कात्री काढली. सहाशे पोरं गप्प, मुख्याध्यापक गप्प, आणि आम्ही अकरा शिक्षकही गप्प. संताप येतो तो आमचाच.

बाई रांगेतून निघाल्या, सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला अंबाडा सोडला. पांढरे केस कमरेपर्यंत आले. "माझेबी मोकळे हायेत, सर, अन् रिबीन नाही. माझ्यापासून सुरू करा." सरांचा हात खाली आला. पोरीचे केस वाचले. बाईंनी तिथंच, मातीत बसून, तिच्या दोन वेण्या घातल्या आणि मग तिला वर्गात पाठवलं.

चौकशी झाली, पण ती सरांची नव्हे, बाईंची! विद्यार्थ्यांसमोर सहकाऱ्याचा अपमान केला म्हणून. आम्हा अकराजणांना, काय पाहिलं ते लिहून द्यायला सांगितलं. अकराही जणांनी लिहिलं की प्रार्थना सुरू असल्यानं डोळे मिटलेले होते. इतके भाविक शिक्षक महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या शाळेत नसतील! त्यांतला एक मी. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना बाईंची बदली काटोलकडच्या शाखेत झाली.

त्या निघाल्या त्या दिवशी मी बसस्टँडपर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेलो. मला वाटलं, आता झाडतील. झाडलं असतं तर बरं वाटलं असतं. बसमध्ये चढताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी पाह्यलं होतं तुमच्याकडे, सर. तुमच्या डोयात पानी होतं. तेवढं तरी लिहाचं होतं नं."

बस गेली. आता चौकशी मिटली आहे, कागदही कुठल्यातरी कपाटात गेले असतील, कुणी विचारणार नाही. तरी वर्षभर उशिरा का होईना, लिहून देतो : माझे डोळे उघडे होते, बाई.