दोरीच्या आतले आजोबा

बाळांनो, आजोबांचा काठी उगारलेला फोटो तुमच्या शाळेच्या भिंतीवर लागणार आहे, असं परवा फोनवर कळलं. खाली चार ओळी लिहायच्या म्हणून तुम्ही विचारलंत, त्या क्षणी आजोबा काय ओरडत होते. मी म्हटलं, नंतर सांगते. ते शेजारीच बसले होते, त्यांच्यासमोर सांगवलं नसतं. भिंतीवर ओळी चढायच्या आत पोचावं म्हणून आज लिहिते आहे. त्या फोटोत आजोबा विजयाने काठी उंचावत नाहीत. एका माणसाला मारत आहेत.

क्रमाने सांगते. परळला मोठ्या रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर कॅन्सरच्या रुग्णांची कुटुंबं राहतात, ते तुम्ही इथे आलात तेव्हा पाहिलं आहे. तिथला एक नियम मात्र तुम्हाला ठाऊक नसेल. ज्याचं अंथरूण पसरलेलं, त्याची जागा. अंथरूण उचललं की पुढचा माणूस आपलं पसरतो, आणि त्याला कोणी बोल लावत नाही. जालन्याकडचा एक शेतमजूर आपल्या आजारी मुलीला घेऊन तिथे राहत होता. खोली घेण्याची ऐपत नव्हती. जागा गेली तर मुलीला गावी परत न्यावं लागणार होतं, आणि गावात तिच्यावर उपचार नव्हते. म्हणून बापलेकींपैकी एकजण कायम त्या ताडपत्रीवर असायचं.

आजोबांची आणि त्यांची ओळख चहाच्या टपरीवर झाली. त्यानंतर आजोबांनी ठरवलं, आपल्या दादरच्या घरापासून तिथपर्यंत रोज सकाळी चालत जायचं आणि चालत यायचं, आणि लोकांना सांगायचं की रुग्णांच्या मदतनिधीला काहीतरी द्या. कोट आणि फौजेतली पदकं घालून निघायचे. मी म्हटलं, एवढ्या उकाड्यात कोट कशाला? म्हणाले, "नुसता म्हातारा चालला तर कोण बघतंय? पदकं चालली तर बघतील."

लोकांनी बघितलं. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो तुमच्यापर्यंतसुद्धा पोचला. त्यानंतर आजोबांना रस्त्यात धड पाऊल टाकता येईना. चालत्या माणसाचे पाय धरायला लोक मध्येच वाकत. एकदा ते तसेच तोंडावर पडता पडता वाचले. एका गृहस्थांनी प्रेमाने दंड धरला तो इतका घट्ट, की घरी आल्यावर पाहिलं तर चार बोटं निळी उमटली होती. सेल्फी घेताना एका बाईंनी जवळ ओढलं, तेव्हा पदकाची फीत कोटासकट फाटली. मी बर्फ लावायची, कोट शिवायची, आणि ते पुन्हा निघायचे.

या चालण्याच्या शेवटच्या दिवशी रुग्णालयापाशी मोठा सत्कार ठरला. आदल्या संध्याकाळी लालबागच्या एका मंडळाचे कार्यकर्ते घरी आले.

"आजोबा, उद्या तुम्ही फक्त चालायचं. बाकी आमच्यावर सोडा."

"बाकी म्हणजे काय रे?"

"बाकी म्हणजे सगळं. अहो, बाप्पाला एवढ्या गर्दीतून नेतो आम्ही, तुम्हाला नाही नेणार?"

"बाप्पाचे गुडघे दुखत नाहीत," आजोबा म्हणाले. सगळे हसले. मी त्यांना पोहे दिले.

विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्तीभोवती दोरीचं कडं असतं. मनगटाएवढा जाड दोर छातीशी धरून धट्टीकट्टी माणसं चारही बाजूंनी उभी राहतात आणि मूर्तीबरोबर पुढे सरकतात. दोरीसमोर जो येईल तो बाजूला होतो, नाहीतर केला जातो. दुसऱ्या दिवशी तसंच कडं आजोबांभोवती होतं. आत ते, आणि पाण्याची बाटली घेऊन मी. पुढे ढोल, मागे हजारो माणसं. आम्हाला समोर फक्त घामाने भिजलेल्या पाठी दिसत होत्या.

रुग्णालय जवळ आलं तसे ढोल थांबवले. तेवढी रीत त्यांनी पाळली. त्यामुळेच आम्हाला आवाज ऐकू आले.

स्टेज फुटपाथच्या टोकाला बांधलं होतं, म्हणून दोरी रस्ता सोडून फुटपाथवर चढली. पाठींच्या फटींतून दिसलं, तिथे माणसं झोपलेली होती. "उठा, उठा, चला बाजूला," असं एकदाच म्हटलं गेलं आणि मग लाथा सुरू झाल्या. भाताचं पातेलं उडालं आणि उकळती पेज एका म्हातारीच्या मांडीवर सांडली. तिची किंकाळी मला अजून ऐकू येते. माणसांना केसांना, सदऱ्याला धरून रस्त्यावर फेकत होते. एकाच्या नाकात नळी होती, ती ओढली गेली. तो जालन्याचा बाप ताडपत्रीवर पालथा पडला होता, खाली मुलगी. त्याने ताडपत्रीच्या दोन्ही कडा मुठीत धरल्या होत्या. एकाने बुटाने त्याच्या मुठी ठेचल्या. दुसऱ्याने झेंड्याचा बांबू उलटा धरून त्याच्या कानावर घातला, मग डोक्यावर. ओल्या लाकडावर मारावं तसा आवाज आला. तरी मुठी सुटल्या नाहीत.

आजोबा ओरडले, "थांबा." पलटणीला हुकूम देतानाचा तो आवाज मी लग्नानंतर घरात कधी ऐकला नव्हता. मागच्या हजारोंना वाटलं, ही घोषणा आहे. त्यांनी जयजयकार केला आणि आणखी पुढे रेटा दिला. दोर माझ्या बरगड्यांत रुतला, माझी बांगडी फुटून मनगटात घुसली. आजोबा समोरच्या कार्यकर्त्याला म्हणाले, "सोड." तो मागे न बघता म्हणाला, "बाबा, तुम्ही चालत राहा." तेव्हा त्यांनी काठी उगारली आणि त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं मी ऐकलं. दुसरा फटका शेजारच्याच्या खांद्याच्या हाडावर बसला. लोक टाळ्या वाजवत होते. तो फोटो या दोन फटक्यांच्या मधला आहे.

दोर खाली पडला. आजोबा त्यावरून ओलांडून गेले आणि ताडपत्रीवर बसले. त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन रक्त थांबवायला आपला रुमाल दाबून धरला. मुलगी थरथरत ओकत होती, तिला मी धरलं. त्या माणसाला आपल्या डोक्याची फिकीर नव्हती. तो एकच म्हणत होता, "सायेब, जागा जाऊ देऊ नका. तेवढी जागा जाऊ देऊ नका."

डॉक्टर आले, त्याला आत नेलं. मुलीला घेऊन मीही आत गेले. ताडपत्री रिकामी राहू नये म्हणून आजोबा तिथेच बसून राहिले.

पुढचं मला तिथल्या लोकांनी नंतर सांगितलं. मंडळाचा सेक्रेटरी वाकून म्हणाला, "आजोबा, स्टेजवर साहेब वाट बघतायत. सगळे कॅमेरे लागलेत."

"मी इथे बसलोय."

"अहो, असं काय करता? तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"मग उचल मला. त्याला उचललंस तसं उचल."

त्याने हात लावला नाही. कोणीच लावला नाही. ज्या माणसाच्या पायावर सकाळी निघताना डोकं ठेवलं, त्याला कॅमेऱ्यासमोर फरफटवणार कोण? आजोबा बसलेले बघून बाकीची माणसं एकेक करून परतली आणि आपापली अंथरुणं पुन्हा पसरू लागली. सत्कार आजोबांशिवाय झाला. संध्याकाळी स्टेज सुटलं, तरी ते उठले नाहीत. त्या माणसाचा मेहुणा गावाहून निघाला होता. तो येऊन ताडपत्रीवर बसल्यावर उठले, पण तोवर गुडघे आखडले होते. टॅक्सीत त्यांना दोघांनी उचलून ठेवावं लागलं.

मनगट मोडलेला कार्यकर्ता नंतर घरी आला. मला वाटलं, भांडायला आला. तर तो हसत होता. "आजोबा, हातात जोर आहे हो अजून. गल्लीत सगळ्यांना सांगतो, फौजीने मोडलाय." आणि त्याने पेन पुढे केलं. प्लास्टरवर त्याला आजोबांची सही हवी होती.

आजोबा म्हणाले, "आधी त्या माणसाला भेटून ये."

"कुठल्या?"

आजोबांनी पेन परत दिलं आणि आत निघून गेले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, राग आला का त्यांना?" तो फुटपाथवर गेला की नाही, मला कळलेलं नाही.

तेव्हापासून आजोबा चालत नाहीत. पदकं कपाटात आहेत. कोणी व्हिडिओचा विषय काढला की ते उठून गॅलरीत जातात. मदतनिधीला लोकांनी भरभरून दिलं, तेही खरं आहे आणि तेही भिंतीवर लिहायला हरकत नाही. त्या माणसाला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि त्याची दोन बोटं मिटत नाहीत. मी दर गुरुवारी डबा घेऊन जाते. त्यांची जागा तीच आहे. मुलीचे उपचार चालू आहेत. ती जिवंत आहे.