समजदार म्हटलं की झालं

आचलचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. आचल म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, सतरा वर्षांची, बारावीला. "मामा, आई गेली," एवढं ती म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत पुढचं सांगून मोकळी झाली, "आजीले चहा देल्ला मी. शेजारच्या काकू येऊन बसल्या हायेत. तुम्ही गाडी हळू चालवजा." सौंसरहून मोहगाव काही फार लांब नाही. त्या सबंध वाटेवर मला रडू आलं नाही, राग आला... आईचा देह घरात असताना जी मुलगी आधी आजीच्या चहाचं बघते आणि मग मामाच्या गाडीची काळजी करते, तिला हे आपोआप येत नसतं. ते तिच्या आईकडून तिच्यात आलं होतं, आणि तिच्या आईला ते कुणी, कसं शिकवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दीड महिना झाला. राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझी ताई, मंदा. पन्नाशी गाठून गेली. भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होता, "लय समजदार होती बिचारी." हा शब्द मी चार वर्षांचा असल्यापासून ऐकतो आहे. पांढुर्ण्याकडचं आमचं गाव, कुडाचं घर, आणि आईबाप दोघंही जिवंत, धडधाकट. बाप भजनी मंडळात गायचा. आज या गावात, उद्या त्या गावात, आठआठ पंधरापंधरा दिवस घरी पाय नाही, आणि आला की पिऊन यायचा. लोक अजूनही म्हणतात, काय गळा होता तुझ्या बापाचा! गळा होता, खरं आहे. घरात दाणा नव्हता, हेही तितकंच खरं आहे, पण ते कुणाला आठवत नाही. मायची तऱ्हाच वेगळी. कधी दोनदोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, चूल थंड. कधी एकदम उठून आम्हाला न्हाऊमाखू घालायची, पावडर लावायची, खळखळून हसायची. आणि मग एखाद्या सकाळी पिशवी उचलून वरुडला तिच्या बहिणीकडे निघून जायची, कुणाला न सांगता. महिन्याने ताईसाठी बांगड्या घेऊन परत यायची आणि दारातच हात पसरून उभी राहायची. आम्ही धावत जायचो. आज कुणी म्हणेल, तिला काहीतरी आजार असणार. असेलही. पण तिला डॉक्टरकडे न्यावं असं बापाला वाटलं नाही, तिच्या भावांना वाटलं नाही, गावाला तर नाहीच. सगळ्यांना वाटलं ते एवढंच, की घरात थोरली आहे ना, मग झालं.

थोरली म्हणजे किती, तर दहा वर्षांची. ती मला कडेवर घेऊन सरव्याला जायची. भुईमूग निघाला की मातीत राहिलेल्या शेंगा गोरगरिबांनी वेचायच्या, कापूस संपला की बोंडाला चिकटलेलं उरलंसुरलं घ्यायचं, याला आमच्याकडे सरवा म्हणतात. मालकाचं काम आटोपलं की शेत खुलं, तिथे कुणी कुणाला अडवत नाही. त्या शेंगांवर आम्ही कितीतरी दिवस काढले. शाळेत ती पाचवीपर्यंत गेली. ती येईनाशी झाली तेव्हा गुरुजी एकदा घरी आले. ताई चूल फुंकत होती आणि मी तिच्या पाठीवर लोंबकळत होतो. गुरुजी दारातूनच म्हणाले, "समजदार पोरगी हाये," आणि जाऊन तिचं नाव कापलं. गाव काही दुष्ट नव्हतं. कुणी ताक द्यायचं, कुणी शिळी भाकर द्यायचं. पण आमच्या बापाला पारावर बसवून दोन शब्द सुनवावेत, हे एकालाही सुचलं नाही. पोरीचं कौतुक करणं सोपं होतं. त्यात कुणाशी वैर येत नाही.

त्याच वर्षी मला ताप आला होता. माय वरुडला, बाप कुठल्याशा सप्त्याला. तोंडाला चव नव्हती म्हणून मी संत्रं मागितलं, आणि मागतच राहिलो. गावाबाहेरच्या एका संत्र्याच्या बगीच्यात नुकतीच फळांची तोड झाली होती, खोके भरून गाड्या गेल्या होत्या. ताईने हिशेब केला तो सरव्याचा. तोड झाली, म्हणजे आता झाडाखाली पडलेलं आपलं. तिला काय माहीत, की बगीचा उभाच्या उभा व्यापाऱ्याला दिलेला असतो, अजून दुसरी तोड बाकी असते, आणि गळलेलं फळसुद्धा त्याचंच असतं! फ्रॉकच्या ओच्यात पाचसहा संत्री घेऊन ती निघाली आणि रखवालदाराने तिला धरून पारावर आणलं. मी तापातच रांगत-चालत मागे गेलो होतो, म्हणून मला हे ठाऊक आहे. ती रडत नव्हती. समजावून सांगत होती, "तोड झाली ना काका? मंग सरवा नाई का होत?" लोक हसले. आणि नेमका त्याच वेळी आमचा बाप उगवला, बारा दिवसांनी. काय झालं ते ऐकून घेतलं आणि चारचौघांत तिच्या दोन मुस्काटात मारल्या. "माह्या घरात चोर निपजत नाई!" म्हणाला. पारावरची माणसं माना हलवत म्हणाली, बापाने बरोबर केलं, पोरीला वळण पाहिजे. वळण! तू बारा दिवस होतास कुठे, हे विचारणारा त्या पारावर एकही माईचा लाल नव्हता. घरी आल्यावर ताईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "तू मांगला होता म्हणून गेलती, हे कोणाले सांगू नोको." मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

पुढे तिने मजुरी करून मला शिकवलं, मी मास्तर झालो. तिचं लग्न उशिरा झालं, मोहगावला. बाप मेला, भाऊजीही गेले, आणि माय पिशवी घेऊन ताईच्याच दारात जाऊन बसली. तेव्हा मी काय केलं? दिवाळीला साडी घेऊन जायचो आणि म्हणायचो, "ताई, मायचं तुझ्याशीच पटते." दुसऱ्यांवर राग काढणं फार झालं, हेही लिहायला हवं. धाकट्या भावाला सोबत घेऊन वर्गात बसणाऱ्या मुलींच्या प्रगतिपत्रकावर मी स्वतःच्या हाताने 'समजदार मुलगी' असा शेरा मारला आहे. एकदा नव्हे, कितीदा तरी. ताईचे पाय सुजायचे. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून ती वर्षानुवर्षं खात राहिली, किडन्या गेल्या तरी पत्ता नाही. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, "मी गेली तं मायकडे कोण पाहीन?" मी पाहीन, असं मी म्हणालो नाही.

तेरवीच्या दिवशी माय मधोमध बसली होती, पाहुण्यांनी आणलेली दुखवट्याची लुगडी मांडीवर घेऊन. "माही मंदा मले कधी उलटून नाई बोलली," म्हणून रडत होती. खरंच बोलत होती ती. जेवणं सुरू झाली आणि आमचे काका, बापाचे चुलतभाऊ, आचलच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता मायची फिकर नाई. हे पोरगी हाये ना! बारवीचं काय, घरी बसून प्रायवेट देईन ते. आईवानीच समजदार हाये." आजूबाजूच्या बायांनी हो ला हो केलं. आणि आचलने मान खाली घालून ती हलवली... होकारार्थी. माझ्या हातात वरणाची बादली होती. ती मी खाली आदळली. "समजदार नाई हाये ते, काका! सतरा वर्षाची हाये! तुमच्या नातीले बसवता का घरी?"

"मास्तर, तेरवीच्या दिवशी आवाज चढवते का कोणी?" काका म्हणाले.

"चढवते. चाळीस वर्ष उशीर झाला, म्हणून आज मी चढवतो. माय माह्या घरी येईन. पोरगी शिकन."

बायकोला मी विचारलेलं नव्हतं. ती पोळ्यांची परात घेऊन तिथेच उभी होती. परत येताना गाडीवर ती म्हणाली, "इचारलं असतं तं मी व्हयच म्हटलं असतं. पण इचारा लागते." तिचा राग रास्त आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

आता माय सौंसरला आमच्याकडे आहे. जशी होती तशीच आहे. मागच्या आठवड्यात सकाळी पिशवी घेऊन बसस्टँडवर जाऊन बसली होती, तिथून मी तिला परत आणली. मला तिची माया येत नाही, खोटं कशाला लिहू? चहा देतो, औषध देतो, शिव्या गिळतो. आचलला छिंदवाड्याला वसतिगृहात ठेवली आहे, सुटीला येते. पहिल्या खेपेला पहाटे उठून तिने अंगण झाडलं, आजीला आंघोळ घातली, भांडी घासायला बसली. मी तिच्या हातातून राख काढून घेतली तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मंग मी काय करू, मामा?" असं तिने विचारलं, ते मला फार लागलं. या पोरीला खरंच माहीत नव्हतं.

परवा शनिवारी रात्री आली, ती रविवारी साडेनऊला उठली. जेवली, ताट तिथेच सोडलं आणि मोबाइल घेऊन पुन्हा आडवी झाली. माय पलंगावरून ओरडली, "आचल, पानी आन वं!" मोबाइलवरून नजर न काढता पोरगी म्हणाली, "मामाले सांग ना, आजी." बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटली, "काई समजत नाई या पोरीले." ताईला दिवसा झोपलेली मी जन्मात एकदाच पाहिली, शेवटच्या दुखण्यात, नागपूरच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना. तिथेही कुणाची चाहूल लागली की ती दचकून उठून बसायची. मी मायला पाणी दिलं. मग आचलचं ताट उचललं. वरण वाळून त्याला चिकटलं होतं. मोरीत बसून मी ते आवाज न करता घासलं, कारण पोरगी पुन्हा झोपली होती.