बटणावरची टिकली

तहसील कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणाऱ्या शोभाताईंच्या कीबोर्डवर आज लाल टिकली दिसली, सॉफ्टवेअर कंपनीचं चिन्ह असलेल्या बटणावर, ते चिन्ह झाकेल अशी नेमकी चिकटवलेली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "कंपनीने कळवलं, तुमचा कॉम्प्युटर जुना झाला, नवा घ्या. मी बसून त्यांची प्रणाली काढली आणि त्यात फुकट मिळणारं लिनक्स टाकलं. माझ्या वस्तूचं वय ठरवणारे हे कोण?"

कुणी विहीर खणून गावाला मोकळी ठेवावी, तशी अनोळखी माणसांनी लिहून जगाला देऊन टाकलेली ही प्रणाली. तिच्या जिवावर तो जुना कॉम्प्युटर ऐटीत माझा अर्ज छापून देत होता.

घरी माझ्याही कॉम्प्युटरवर तीच सूचना रोज येते, आणि मी ती निमूट वाचतो.

"शोभाताई, एक टिकली मलाही द्या."

त्यांनी अख्खं पाकीटच पुढे केलं. "घ्या. उरतील त्या वाटा."