चौदा नंबरचा प्लॉट

पुंजारामवर माझा राग आहे, आन तो जाईल असं मला वाटत न्हाई. माणूस वाईट असता तर सोपं होतं, चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण त्याच्याइतका सरळ माणूस मी जालन्यात दुसरा पाह्यला न्हाई, म्हणून तर जास्त चीड येते.

मी राधेश्याम. नवीन जालन्यात रजिस्ट्री ऑफिसासमोर टपरी टाकून दस्त लिवतो. खरेदीखत, भाडेपट्टा, मृत्युपत्र, ज्याला जे पाहिजे ते. अठ्ठावीस वर्षं झाली. दुपारी पुंजाराम माझ्या बाकड्यावर येऊन बसायचा, चहा आमचा सोबत व्हायचा. मूळचा हसनाबादचा. मिसरूड फुटलं तवा जालन्याला आल्ता आन एका खाजगी मोजणीवाल्याच्या हाताखाली साखळी धरायला लागला. पंधरा वर्षं काट्याकुट्यातून ती साखळी ओढली. त्यामुळं शहराच्या चारी अंगाला कोणतं शेत कुणाचं, हद्दीचा दगड पहिला कुठं होता आन कुणी सरकवला, सगळं त्याला तोंडपाठ. मोजणीवाला वारला, मंग लोक जमिनीचं ह्यालाच विचारायला लागले.

त्यात समृद्धीचा रस्ता आला, ड्रायपोर्टचं नाव निघालं, आन जमिनीला भलताच भाव आला. जिथं काल कपाशी उभी होती तिथं आज फक्कीच्या रेषा आन रंगीत झेंडे. पुण्या-संभाजीनगरचे लोक गाडीतून उतरायचे, एका फेरीत पाच-पाच प्लॉट घेऊन जायचे. त्यांना काय, बाभळी वाढल्या तरी किंमत वाढतेच. इथल्या मास्तरला, बियाण्याच्या कंपनीतल्या कारकुनाला मात्र एक घर होईना झालं. भाव ऐकून लोक माझ्या बाकड्यावर नुसते बसून राहायचे.

अशांना पुंजाराम घेऊन जायचा. ब्रोशर तो हातात धरायचाच न्हाई. "ह्यात निळं पाणी दाखवलंय, तिथं टँकर येतो," म्हणायचा. प्लॉट पाह्यच्या आधी शेजारच्या गल्लीत शिरायचा आन एखाद्या बाईला विचारायचा, की ताई, नळ किती दिवसांनी येतो. मंग काळ्या मातीत टाच रुतवून बघायचा, पाया किती खोल न्यावा लागंल ते सांगायचा, आन तो खर्चा आत्ताच किमतीत धरा म्हणायचा. रस्ता नुसता नकाशात आहे का जागेवर बी आहे, एनए झालंय का अजून होऊनच राह्यलंय, सगळं उकरून काढायचा. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांना सांगायचा, जो पैसा पाच वर्षं लागणार न्हाई तेवढाच मातीत घाला, पोरीच्या लग्नाचा घालू नका. आन शेवटी सातबारा, फेरफार सगळं बघून झालं की म्हणायचा, "आता बहिणींच्या सह्या दाखवा."

लोक हसायचे. पण बापाची जमीन भावांच्या नावावर चढली असंल, तर बहिणींनी आपला हक्क सोडल्याचा कागद पाहिजेच. न्हाईतर दहा वर्षांनी एखादी बहीण कोर्टात उभी राहते आन कर्ज काढून घर बांधलेला माणूस हकनाक मरतो. ह्या एका प्रश्नानं पुंजारामनं किती जणांची जन्माची कमाई वाचवली, ते मी डोळ्यानं पाह्यलंय.

आता त्याच्या सोताच्या घराचं ऐका.

बायपासच्या अलीकडं त्याचं तीन खोल्यांचं घर, वर पत्रे. जमीन सासऱ्याची. बावीस वर्षांखाली सासरा वारला, तवा पुंजारामचा मेव्हणा रखमाजी हक्कसोडीचा कागद करायला माझ्याकडंच आल्ता. सोबत रखमाजीची एकुलती एक बहीण झुंबरबाई, म्हणजे पुंजारामची बायको, आन पुंजाराम बी. आमच्याकडं बहीण भावासाठी हक्क सोडून देते, कायदा काही का म्हणंना. न्हाई सोडला तर दिवाळीला न्यायला कुणी येत न्हाई आन चार बायकांत नाव निघतं ते निघतंच. झुंबरबाईनं अंगठा द्यायच्या आधी रखमाजी माझ्यासमोर म्हणाला, "दाजी, बायपासकडचे दोन गुंठे तायडीचे. बांधा घर. तुम्हाला कुणी ऊठ म्हणणार न्हाई." मनापासून म्हणाला, खोटं कशाला बोलू.

मी पुंजारामला बाजूला घेतलं. म्हणलं, दोन गुंठ्याची एक ओळ ह्याच कागदात घालतो, आत्ता झालं तर झालं. तो म्हणाला, "राहू दे. भावानं तोंडानं दिलं, आन बहिणीनं वर कागद मागायचा? तिला माहेर राहील का?" मी म्हणलं, अरे बाबा, साऱ्या जालन्याला तू कागद दाखवा म्हणतो. तर म्हणतो कसा, "ते गिऱ्हाईक हाय, हे घरातलं हाय." झालं, झुंबरबाईनं अंगठा दिला, रखमाजीनं सगळ्यांना शेव-चिवडा चारला आन आम्ही उठलो.

घर झालं. झुंबरबाईनं विटा सोताच्या डोक्यावर वाहिल्या, बोअर घेतला, पोरीचं, अर्पिताचं लग्न त्याच अंगणात मांडव घालून केलं. रखमाजी दर दिवाळीला साडी घेऊन यायचा, अंगणात खाट टाकून बसायचा. मी साल-दोन सालाला पुंजारामला टोकायचो, आता तरी कागद कर, मेव्हणा हयात आहे तवर कर. तो चहाचा कप खाली ठेवायचा आन उठून जायचा.

मागच्या साली रखमाजी गेला. ध्यानीमनी नसताना, बाजारात चालता चालता. त्याचा पोरगा बबलू, त्यानं सहा महिन्यांत सगळ्या जमिनीचं प्लॉटिंग काढलं. बबलू वाईट पोरगा न्हाई, उगी कुणावर आळ नको. आत्याच्या पाया पडला आन म्हणाला, "आत्या, नकाशात तुमचं घर चौदा नंबरवर आलंय. पार्टनर ऐकून न्हाई राह्यले. दिवाळीपर्यंत मोकळं करा, मी तुम्हाला खोली बघून देतो." झुंबरबाईनं त्याला चहा करून दिला. ती म्हणे चुलीपाशी बराच वेळ उभी होती, साखर घातली का न्हाई तिच्या ध्यानात येईना.

मी पुंजारामला वकिलाकडं नेलं. वकील म्हणाला, केस टाकता येईल, टिकंल का सांगता येत न्हाई, वर्षं जातील. घरी आल्यावर झुंबरबाई म्हणाली, "भावाच्या पोरावर मी केस टाकणार न्हाई. मेल्यावर भावाला काय तोंड दाखवू?" बरं, केस नको तर नको. मी पुंजारामला म्हणलं, तू नुसतं चार जणांत बोल, की चौदा नंबर वादात आहे. तुझ्या शब्दावर लोक लाखाचे व्यवहार करतात. गिऱ्हाईक फिरकणार न्हाई आन बबलूचे पार्टनर आपोआप तडजोडीला येतील. मला वाटलं, चार जणांत बोलंल तो.

प्रीती नावाची एक शिक्षिका वर्षभर त्याच्यासोबत प्लॉट बघत फिरत होती. मस्तगडला दोन खोल्यांत भाड्यानं राहायची, वडील राजानंद अंथरुणाला खिळलेले. तीन प्लॉट पुंजारामनंच नापास केलते. एक दिवस ती फाईल घेऊन टपरीवर आली. चेहरा खुललेला. म्हणाली, "काका, हा मला परवडतो. वर कुणाचं तरी जुनं पत्र्याचं घर आहे, ते काढून देतो म्हणाले, म्हणून भाव थोडा कमी केलाय. तुम्ही एकदा कागद बघा, तुम्ही हो म्हणालात की मी पैसे भरते."

पुंजारामनं फाईल उघडली. गट नंबर वाचला, प्लॉट नंबर चौदा वाचला, आन त्याचं बोट तिथंच थांबलं. मला लगेच कळलं. टेबलाखालून मी त्याला पायानं ढोसलं. एकच शब्द बोलायचा होता, वादात आहे म्हणून. खोटं बी न्हव्हतं ते, पार खोटं न्हव्हतं. ती उठून गेली असती आन घर आणखी वर्षभर तरी टिकलं असतं.

तो वाचत राह्यला. एकेक पान, एकेक शिक्का. प्रीती म्हणाली, "बहिणीची सही आहे का काका? तुम्हीच विचारायला शिकवलंय."

"एकच बहीण हाय," पुंजाराम म्हणाला. "अंगठा बराबर हाय. माझ्या मंडळीचा हाय."

प्रीती हसली, तिला वाटलं थट्टा करून राह्यला. मंग त्यानं फाईल मिटून तिला सगळं सांगितलं. पत्र्याचं घर आमचं हाय. आमच्याकडं एक बी कागद न्हाई. घर आम्ही मोकळं करून देऊ, तुमच्या पैशाला धोका न्हाई. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं विचारलं, "मग मी घेऊ की नको?"

"कागद साफ हाय," तो म्हणाला. "घेऊ नका असं मला म्हणता येत न्हाई."

ती गेल्यावर मी त्याला नको नको ते बोललो. म्हणलं, तुझ्या या खरेपणाला काय चाटायचंय का, बायकोला म्हातारपणी रस्त्यावर आणून राह्यलास. तो खाली बघून म्हणाला, "वर्षभर त्या पोरीला कागद बघायला शिकवलं. आज माझं घर आलं, तर कागद बघू नको म्हणू?" मी म्हणलं, हो, म्हण, एक डाव म्हण. तो उठून गेला. दहा दिवस मी त्याच्याशी बोललो न्हाई.

तेवढ्यात प्रीती एकटी माझ्याकडं आली. तिचे डोळे सुजलेले. म्हणाली, "मी नाही घेतला तर दुसरं कुणी घेणारच आहे. घरमालकानं आम्हाला खोली सोडायला सांगितलीय, बाबांना घेऊन मी कुठे जाऊ? मला वाईट वाटतंय काका, खरंच वाटतंय. पण मी घेणार आहे." मला तिला रागवायचं होतं. ते बी जमलं न्हाई.

बँकेच्या वकिलानं एक अट घातली. जागेवर जो राहतो त्याची लेखी संमती पाहिजे. हक्क सोडलेली बहीणच तिथं राहते म्हणून संमती झुंबरबाईनंच द्यायची. ते संमतीपत्र लिवायला बबलू माझ्याकडंच आला. मी न्हाई म्हणू शकत होतो. पण शेजारच्या टपरीवर ते झालंच असतं, आन कुणी काय लिवलं असतं काय माहीत. मी लिवलं.

त्या दिवशी अकरा वाजता सगळे टपरीवर जमले. बबलू, प्रीती, पुंजाराम आन झुंबरबाई. ती नवं लुगडं नेसून आल्ती. मी कागद पुढं सरकवला तर तिनं हात मागं घेतला.

"भाऊजी, आधी वाचून दाखवा," ती म्हणाली. "मागल्या बारीला तुम्ही ओळ घालू का म्हणून ह्यांना विचारलं. मी तिथंच बसल्ते, सगळं ऐकू येत होतं. हक्क माझा होता, आन मला कुणी विचारलं न्हाई. काय लिवलंय ते वाचून बी दाखवलं न्हाई."

मला वाटलं जमीन दुभंगावी. बावीस वर्षं मी पुंजारामला शिव्या घालून राह्यलो होतो, आन ही बाई ते मनात धरून मला दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवीत होती. खरंच मी तिला विचारलं न्हव्हतं. माझ्या डोक्यातच आलं न्हव्हतं.

मी वाचायला लागलो. नाव, गाव, गट नंबर, चारी बाजूच्या हद्दी. ती मान हलवत ऐकत होती. "सदर घराचा ताबा मी आज रोजी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता..."

"थांबा," ती म्हणाली. "राजीखुशीनं, तेवढं काढा."

बबलूनं तोंड फिरवलं. प्रीती रडायला लागली. मी म्हणलं, "वहिनी, ते काढलं तर बँक कागद घेत न्हाई."

"मंग खोटंच लिवावं लागतंय?"

"हो," मी म्हणलं.

तिनं कागद सोताकडं ओढला. मंग म्हणाली, "असू द्या," आन शाईच्या पॅडवर अंगठा ठेवला. पुंजारामनं आधार द्यायला तिच्या मनगटाला हात लावला. तिनं तो बाजूला सारला आन अंगठा आपला आपण कागदावर टेकवला.