पडद्यावरच्या पंगतीत माय

आता सिनेमा बोलते. ही गोष्ट तो मुका होता तवाची हाय.

रिसोडले बाजाराच्या मैदानात तंबू लागे. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हालवत, अन पडद्याच्या बाजूले एक जण छडी घेऊन उभा राही. हा राजा हाय, हा त्याचा भाऊ हाय, आता भांडण होणार हाय, असं तो सांगे. त्याचा घसा कायमचा बसलेला. त्याच्या पायी राजा, राणी अन घोडा तिघंही एकाच घोगऱ्या आवाजात बोलत.

मी तवा सातवी पास होऊन रिठदले घरी बसलो होतो. वावरात माझा उपयोग कमी, नकलांत जास्त. हेडमास्तर तपकीर ओढून शिंकतात कसे, पटवारी धोतर सावरत नाला ओलांडते कसा, आमचा ढवळा बैल पाणी पिऊन सुस्कारा टाकते कसा, सगळं मले येत होतं. बाप म्हणे, या पोराले सगळ्याईचं येते, सोताचं काई येत नाई.

त्या हिवाळ्यात मायले मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिची भूक संग घेऊन गेला. वैद्यबुवा रोज येऊन नाडी पाहत. एक दिवस ते ओसरीवर बसले अन बापाले म्हणाले, ताप गेला, आता माझ्या पुडीत काई नाई; पोटात अन्न गेलं तर बाई उठंल. नाई गेलं तर काय, ते बोलले नाईत. पागोटं डोक्यावर ठेवून निघून गेले. एरवी त्यायची पाठ वळायच्या आत मी त्यायची नक्कल करत होतो. त्या दिवशी नाई केली.

मग घरात आग्रहाचा बाजार भरला. आत्या पेज घेऊन उशाशी बसे. शेजारणी वाटीवर वाटी झाकून आणत. एक घास माह्यासाठी, एक घास पोरासाठी, असं सारं चाले. माय दोन घोट घेई अन भिंतीकडं तोंड करी. गावात लग्न असो का बारसं, वाढायले पदर खोचून उभी राही ती हीच बाई. तिनं पंगतीत फेरी मारली की म्हातारे लोकही आणखी एक पोळी गुमान वाढून घेत. आता तिच्यापुढं वाटी धरली तरी ती डोळे मिटून घेई.

खरं सांगू, घरात बसवेना म्हणून मी दोस्तासंग रिसोडले सिनेमा पाहायले पळालो. गोष्ट एका सावकाराच्या धाकट्या पोराची होती. घरात मोठी पंगत बसते, भावजय त्याले सगळ्याईपुढं टोमणा मारते, तो भरल्या पानावरून उठते अन परमुलखात निघून जाते. पुढं समुद्र, चोर, राजकन्या, सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी मायच्या खाटेजवळ बसून मी सारा सिनेमा करून दाखवला. घोगऱ्या घोड्याले ती जराशी हासली. पंगतीपर्यंत आलो तवा तिनं डोळे उघडले अन विचारलं, "पयले काय वाढलं?"

मी तर हिरोकडं पाहत होतो. म्हणलं, कढी.

"मिठाच्या आंधी कढी?" ती म्हणाली. "खोटं बोलून राह्यला तू."

त्या दिवशी पुन्हा रिसोड. आता मी मायचा हेर होतो. अगदी पुढं बसलो, हिरोले विसरलो अन पत्रावळीवर नजर ठेवली. परत येऊन सारी खबर दिली. मीठ वाढलंच नाई. वाढप्यानं नुसता हात हालवला, पळीतून काईच पडलं नाई. खाणारे हवा चावत होते. भावजयीनं भाकर थापली, पण कोपरापर्यंत बांगड्या अन हात कोरडेठाक.

"कोरड्या हातानं?" माय म्हणाली. "चिरली असंल भाकर. अन चुला? धूर होता का?"

मी म्हणलं, धूर काई दिसला नाई.

"मंग तो पेटलाच नाई. सारी पंगत कच्च्यावर बसवली त्या बाईनं."

सिनेमातलं खाणं नाटकी असते हे मी तिले समजावून पाहिलं. ती ऐकेना. ते लोक उपाशी राह्यले याचंच तिले दुःख. त्या रात्रीही तिनं पेज ढकलून दिली, पण भांडली मात्र झकास. कितीक दिवसांत तिचा आवाज ओसरीपर्यंत आला नव्हता. बाप दारात येऊन उभा राह्यला. तिनं त्याले सांगून टाकलं, की मले घेऊन चाला, मले त्या बाईचा चुला माह्या डोळ्यानं पाह्यचा हाय.

बाप वैद्यबुवाकडं गेला. ते म्हणाले, खायले मागत नाई, निदान पाहायले मागते, न्या.

बैलगाडीत कडबा पसरला, त्यावर गोधड्या टाकल्या. बापानं गाडी इतकी हळू हाकली, की ढवळा मागं वळून वळून पाहत होता. आमी पोचलो तवा तंबूत बत्त्या लागल्या होत्या. बाप बैलांपाशी बाहेर थांबला. आत बाया एका बाजूले, माणसं एका बाजूले, मधात दोर. आत्यानं मायले दोराजवळच्या बांबूले टेकवून बसवलं. मी दोराच्या अलीकडं, मूठभर शेंगदाणे घेऊन.

पडद्यावर चुला आला. माय पुढं झुकली, पाहिलं, अन आत्याले म्हणाली, पोरगं खरं सांगत होतं.

मग पंगत बसली. आमच्याकडं एक रीत हाय. कोणी जेवत असंल तर रिकाम्या तोंडानं त्याच्याकडं टक लावून पाहू नये. जेवणाऱ्याले नजर लागते, पोट दुखते त्याचं. पाह्यचंच असंल तर आपणही काईतरी तोंडात टाकावं. म्हणून पडद्यावर पत्रावळी मांडल्या की साऱ्या तंबूत शिदोरीच्या गाठी सुटत. ठेचा, कांदा, अंबाडी, सारा वास एकदम उठे. शहरातून आलेला मशीनवाला बिचारा समजे, की लोक कंटाळले.

मायच्या शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. तिनं भाकर मोडली, अर्धीवर अंबाडीची भाजी ठेवली अन मायच्या तळहातावर टेकवली. खा म्हणाली नाई. मायकडं पाहिलंही नाई, डोळे पडद्यावर. आता ही रिकाम्या तोंडानं बसली तर त्या पंगतीले नजर लागंल, इतकाच तिचा हिशेब. माय भाकर हातात धरून बसली.

तेवढ्यात भावजयीनं टोमणा मारला अन हिरो पानावरून उठला. तंबूत कल्ला झाला. आमच्या पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठत नाई. एक उठला की पंगत मोडते. लोक ओरडून त्याले खाली बसवू लागले. छडीवाल्याचा घोगरा आवाज त्यात पार बुडाला.

मी तोवर मायची नक्कल कधी केली नव्हती. तब्येत चांगली होती तवा तिच्या हाताचं भेव, अन आजारी पडल्यावर मन होईना. पण त्या कल्ल्यात माह्या गळ्यातून तिचाच आवाज निघाला, पंगतीत फिरतानाचा, पदर खोचलेला.

"ए दादा, भरलं पान टाकून कुठी चालला? बस खाली. तुह्या पायी सारी पंगत उठंल."

तंबू चुप झाला, अन मग हासला. मागून कोणीतरी म्हणालं, हे तं रिठदची वयनी हाय. तिच्या हातचं वाढलेलं अर्ध्या तंबूनं खाल्लं होतं. हिरोनं अर्थातच ऐकलं नाई. ऐकलं असतं तर सिनेमा तिथंच संपला असता.

मायनं दोराच्या पलीकडून माह्याकडं पाहिलं. आता घरी गेल्यावर आपलं काई खरं नाई, असं मले वाटलं. पण आत्या तिच्या कानाशी झुकली अन हळूच म्हणाली, "वयनी, त्याले तं उठू देत नाई तुमी. मंग तुमच्या हातातलं?"

मायनं हातातल्या भाकरीकडं पाहिलं. चारी बाजूले लोक जेवत होते. तिनं बोटभर तुकडा मोडला, भाजी लावली अन तोंडात घातला. मी घाईघाईनं दोन शेंगदाणे तोंडात टाकले, अन मगच तिच्याकडं पाहिलं. किती वेळ चावत होती. गिळला. मग दुसरा तुकडा मोडला. समुद्र आला, चोर आले, राजकन्या आली. मी एकही धड पाहिलं नाई.

पडद्यावरची पंगत कवाचीच उठली होती, अन माय अजून जेवत होती. शेवटी तिनं त्या बाईले कोपरानं ढोसलं अन म्हणाली, "अंबाडीत मीठ कमी पडलं."

"घाई झाली व माय," ती बाई पडद्यावरची नजर न हालवता म्हणाली. "ठेचा घ्या संग."

मायनं ठेचा घेतला.

बाहेर बापानं मले विचारलं, की कसं काय झालं. तो सिनेमाबद्दल विचारत नव्हता. मी म्हणलं, अर्धी भाकर, अन वरून ठेचा. बैलांच्या मानेवरचं जू चांगलं बसलेलं होतं, तरी बाप ते पुन्हा पुन्हा नीट करत राह्यला.

वाटेनं त्यानं हिरोचं पुढं काय झालं ते विचारलं. मले सांगता येईना. मग गोधडीत बसून मायनंच सारा सिनेमा सांगितला, अन सांगताना आधी त्या भावजयीकडून चुला पेटवून घेतला. रिठदचे दिवे दिसले तवा ती जरा थांबली.

"सकाळी मुगाची खिचडी टाका," ती आत्याले म्हणाली. "पातळ नोका करू."