खुर्ची आणि विळी

दहिवलीच्या सुतारानं ती खुर्ची माझ्यासमोर आणून ठेवली तेव्हा मी त्याच्या अंगणात नाचायचीच काय ती बाकी होते. काय खुर्ची होती! पाठ सरळ, बाजूंना दोन फळ्या, पाय टेकायला खाली आडवी पट्टी आणि पुढे पोटाशी बसेल असं अर्धगोल कापलेलं टेबल. प्रत्येक माप मी काढून दिलेलं. टेबलाचा गोल तीनदा पुन्हा कापायला लावला तेव्हा सुतार वैतागून म्हणाला होता की एवढी कटकट त्याला कुठल्या नवरीच्या कपाटालाही कुणी केली नव्हती. मी म्हटलं, ही खुर्ची नवरीपेक्षा मोठ्या कामाला जायची आहे. त्यानं पुन्हा करवत उचलली.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी शिकून मी नुकतीच कर्जतला आले होते. एका संस्थेनं दोन खोल्यांत मतिमंद आणि अपंग मुलांची शाळा काढली होती, तिथे माझी नेमणूक. माझ्या कामाचं नाव कुणालाच उच्चारता यायचं नाही, म्हणून सगळे मला ‘व्यायामाच्या बाई’ म्हणायचे. ज्यांचे हात-पाय ऐकत नाहीत अशा मुलांना जेवता यावं, बटण लावता यावं, पाटीवर अक्षर काढता यावं, यासाठी युक्त्या शोधायच्या, हे माझं काम. आणि खरं सांगते, मला त्या कामाची झिंग चढायची. कुणी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं तोंडात घास घातला की तो दिवस मी हवेत असायचे. उलट एखादी युक्ती फसली की माझा पारा असा चढायचा की शाळेची सेविका चहाचा कप दारातच ठेवून पळायची.

ती मुलगी कळंबच्या बाजूची. नऊ वर्षांची. जन्मताना गुदमरली होती, त्यामुळे हात-पाय सारखे थरथरायचे, मान डुलायची, बोलणं ओढत यायचं. डोकं मात्र लखलखीत! मोठ्या भावाची पुस्तकं ऐकून ऐकून तिसरीच्या कविता तिला पाठ होत्या. आई तिला कडेवर घेऊन शेताच्या बांधावरून वीस मिनिटं चालायची, मग एसटीनं कर्जतला. आठवड्यातून तीन दिवस. त्या वर्षी पोर अंगानं भरली आणि आईची कंबर धरली. एक दिवस ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, या उन्हाळ्यापातूर आणीन. मंग नाय व्हायचं.”

म्हणजे जूनपासून पोर घरात. अंथरुणावर पडून कौलं मोजत. यावर एकच तोड होती, त्यांच्या गावची शाळा. ती घरापासून इतकी जवळ की प्रार्थना अंगणात ऐकू यायची.

मी तडक तिथल्या गुरुजींना जाऊन भेटले. त्यांनी मला त्यांच्या खोलीत, टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. दोन शिक्षक आणि चार इयत्ता, मुलीला धरून बसायला माणूस नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. मग म्हणाले की उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक दिवस तिला आणा. एक तास तिनं आपली आपण वर्गात बसून दाखवावं, मी सांगेन ते शुद्धलेखन पाटीवर लिहावं. जमलं तर जूनला तिसरीत नाव घालतो. पलीकडच्या खोलीतून पाढ्यांचा आवाज येत होता. मी उठून आत डोकावले नाही. आनंदाच्या भरात मला एसटी गाठायची होती!

आता घरची तयारी. मी त्यांच्या घरी चार-पाच वेळा गेले. गेलं की मुलीचे वडील हसत पुढे येत, मागच्या दारानं जात आणि हातांची एक लाकडी खुर्ची आणून पडवीत मांडत. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात दोन अक्षरं होती. आजोबांच्या नावाची असतील असं मी धरून चालले. त्या खुर्चीत बसून मी चहा प्यायचे, सूचना द्यायचे आणि मनात म्हणायचे, चला, घरात खुर्ची आहे, पोरीला खुर्चीची सवय करायला अडचण नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र मी भडकले. दारातून आत पाहिलं तर आई विळीवर भोपळा चिरत होती आणि पोर तिला खेटून बसलेली. थरथरते हात आणि ते उघडं पातं! मी आईला जे झाडलं, ते आठवलं की आजही कान गरम होतात. हात कापून घेतला म्हणजे? अक्कल आहे की नाही? ती विळी उचलून आत ठेवून आली. नंतर मी जेव्हा जेव्हा गेले, विळी मला कधी दिसली नाही. मला वाटलं, वा, ऐकतात हं माझं.

मग खुर्ची आली आणि मी हुरळूनच गेले. कर्जतच्या शाळेत त्या खुर्चीत बसून मुलीचं धड सरळ राहायचं, पाय टेकायचे. पाटीवरची पेन्सिल तिच्या बोटांतून निसटायची, म्हणून मी सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी पेन्सिलीवर गुंडाळली. पकड आली! संक्रांतीला तिनं ‘क’ काढला, शिमग्यापर्यंत शब्द, आणि चैत्रात चक्क वाक्य. अक्षरं वाकडी, बैल उधळल्यासारखी चौफेर, पण वाचता यायची. मी दर शनिवारी तिला शुद्धलेखन घालायचे आणि ती जिभेचं टोक बाहेर काढून लिहायची. तिची आई खोलीच्या दाराशी, जमिनीवर, गप्प बसून सगळं पाहायची.

परीक्षेच्या दिवशी खुर्ची एसटीच्या टपावर चढली. वडिलांनी ती दोरीनं बांधली, कळंबला उतरवली आणि डोक्यावर घेऊन ते पुढे चालू लागले. मागे आई, कडेवर मुलगी, वेणीला अबोलीचा गजरा. सगळ्यात मागे मी, हातात पाटी, आणि तोंड बंद ठेवणं कठीण झालेलं. वाटेत भेटेल त्याला मी सांगत होते की आज शाळेत नाव घालायचंय.

वर्गाच्या दारात मी थबकले.

आत एकही बाक नव्हता. जमिनीवर तरटाच्या लांब पट्ट्या आणि त्यांवर मांडी घालून बसलेली पोरंच पोरं. सगळ्या खोलीत एकच खुर्ची, फळ्याजवळची, गुरुजींची. वडिलांनी आमची खुर्ची डोक्यावरून उतरवून मधोमध ठेवली तशा सगळ्या माना वळल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

मी मुलीला उचलून खुर्चीत ठेवायला गेले. तिनं अंग ताठ केलं. तिचा चेहरा लाल झाला आणि शब्द नेहमीपेक्षाही ओढत आले. “मी... नाय... बसायची. गुर्जी... बसतात... वरती. मी... पोरांत... बसनार.”

मी समजावलं. गुरुजींनीही समजावलं, बस बाळ, माझी काही हरकत नाही म्हणाले. ती ऐकेना. आणि तिचं काय चुकलं होतं? इतकी वर्षं जिच्या घरापर्यंत या वर्गाचा आवाज येत होता, ती त्या आवाजात बसायला आली होती, त्याच्यापेक्षा एक हात उंच बसायला नव्हे. पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मला फक्त वाया चाललेला तास दिसत होता. शेवटी तिला तरटावर मांडी घालून बसवलं. मी हात काढला आणि ती हळूहळू उजवीकडे कलली. पुन्हा सरळ केली, पुन्हा कलली. पेन्सिल हातातून उडाली ती शेजारच्या मुलीच्या झग्यावर. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, आणि त्यामुळेच मला कळलं की हे आता नाही म्हणणार.

माझा राग निघाला तो आईवर. तिला व्हरांड्यात घेऊन मी विचारलं की पोरं खाली बसतात हे मला आधी सांगता आलं नाही? चार महिने मी खुर्ची खुर्ची करत होते! आणि घरी तर खुर्ची आहे, मग आजच एवढी लाज कसली?

ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. “बाई, ती खुर्ची पोलीस पाटलांची. तुमी येनार असल्या की मागून आनतो. शिकलेल्या मानसाला भुईवर कसं बसवायचं?”

चार-पाच वेळा मी त्या घरात गेले होते. एकदाही मी त्या घरात बसले नव्हते, मी पोलीस पाटलांच्या खुर्चीत बसले होते. पाठीवरची ती दोन अक्षरं कुणाची, हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

मी तशीच उभी असताना आई आत गेली. गुरुजींना म्हणाली, “गुर्जी, येक डाव मी बसवू का?” आणि उत्तराची वाट न बघता तिनं लेकीला धरलं. डावा पाय दुमडून खाली. उजवा गुडघा उभा, छातीला घट्ट टेकलेला. उजवं कोपर गुडघ्याच्या आतल्या अंगाला दाबून. पाटी तरटावर, डावा तळवा पाटीवर. मग तिनं दोन्ही हात काढून घेतले आणि मागे सरकली.

मुलगी कलली नाही.

मी दाराची चौकट धरली. माझ्या कुठल्याही पुस्तकात अशी बैठक नव्हती आणि तरीही पुस्तकात होतं ते सगळं तिच्यात होतं! धडाला आधार, कोपराला आधार, वजन खाली. जी थरथर थांबवायला मी सुताराला तीनदा टेबल कापायला लावलं, ती तिच्याच गुडघ्यापाशी थांबली होती. मला ओरडावंसं वाटत होतं. गुरुजींनी पहिलं वाक्य सांगितलं. ती लिहू लागली. वर्ग इतका गप्प की पेन्सिलीचा करकर आवाज दारापर्यंत येत होता. दुसरं वाक्य. तिसरं. मध्ये एकदा पेन्सिल सुटली, शेजारच्या मुलीनं ती उचलून तिच्या बोटांत दिली आणि ती पुढे लिहू लागली. तास संपल्याचा टोल झाला, कुणी उठलं नाही.

गुरुजींनी पाटी घेतली, वाचली, पुसली आणि म्हणाले, आता तुझ्या मनानं लिही काहीतरी.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग पाटीवर वाकली. बराच वेळ लागला. गुरुजींनी पाटी उचलली आणि सवयीनं मोठ्यांदा वाचली, “मी विळीवर भाजी चिरते. व्यायामाच्या बाईंना सांगू नका.”

वर्ग फुटला हसून. गुरुजी हसले. आईनं पदर तोंडावर घेतला. मी मात्र तिच्या त्या उभ्या गुडघ्याकडे बघत होते. विळीवर बसायची बैठक! मी झाडल्यावर त्यांनी विळी माझ्यापासून लपवली होती, लेकीपासून नाही. माझी खुर्ची आठवड्यातून तीन दिवस. ती बैठक रोज, दोन वेळच्या भाजीला, आईच्या शेजारी, आईच्या नजरेखाली. मला हसू येत होतं, रडू येत होतं आणि लाजही वाटत होती, सगळं एकदम. गुरुजींनी तिचं नाव तिथल्या तिथे वहीत टिपून घेतलं. ते टिपताना ते म्हणाले की लिहिताना शब्द चुकलेला नाही एकही.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मला पाहताच वडील मागच्या दाराकडे निघाले. मी त्यांचा हात धरून थांबवलं आणि पडवीत भुईवर बसले. शेणानं सारवलेली जमीन, गार. ते इतके अवघडले की स्वतः उभेच राहिले. आई आत गेली. बराच वेळ आली नाही. मग एका हातात विळी आणि दुसऱ्या हातात दुधीभोपळा घेऊन आली, विळी लेकीपुढे मांडली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चिर गं.”

तिनं गुडघा उभा केला आणि चिरला. फोडी लहानमोठ्या, पण बोटाला खरचटलंही नाही. मग अर्धा भोपळा माझ्यापुढे सरकवून तिनं विळीकडे बोट केलं. आता मी. मी घरात धाकटी, आईनं मला विळीला कधी हात लावू दिला नव्हता, पण तिथे नाही कसं म्हणणार? बसले मांडी घालून, भोपळा पात्यावर धरला, तो सटकला आणि माझा हात लटपटला.

तिनं वाकून माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

“गुडघा... वर घ्या... बाई. नायतर... हात हालतो.”