मिस्त्रींच्या पायरीवरच्या लाटा

ओल्या वाळूच्या दगडाचा वास मला अजून येतो. आपल्या बारामतीचा काळा दगड भिजला तरी गप्प असतो, हे तुम्हीही अनुभवले असेल. मिस्त्रींच्या दारातली पिवळसर पायरी मात्र सकाळच्या तांब्याभर पाण्याने खोल श्वास सोडी.

तिच्यावर लाटा होत्या, बारीक, थिजलेल्या. कोणी चपलांसकट पाय ठेवला की मिस्त्री आतून ओरडत, "अवो, समुद्रात चपला घालून कोण उतरतं?"

ते मूळचे कच्छचे. रेल्वेच्या कामावर आले आणि बोलण्यासकट इथलेच झाले. गावाकडून आणलेली वस्तू म्हणजे ही पायरी, एवढी एकच. ज्युरासिक काळात तिथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाची वाळू लाटांनी उमटवलेल्या वळ्यांसकट थरावर थर बसून दगड झाली, हे मी पुढे पुस्तकात वाचले. मिस्त्रींच्या बोटांना ते आधीच ठाऊक होते.

"तुमचा काळा दगड पैलवान, बाई. कसाबी उभा करा. ह्यो वाळूचा हाय. जसा निजला हुता, तसाच निजवायचा."

त्यांची आठ वर्षांची लेक माझ्या वर्गात होती. पायरीवर बसून ती पाढे म्हणे. प्रत्येक ओळीला बोट पुढच्या लाटेत सरके. सदतीस सालच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. मिस्त्रींनी घर सोडले, शेळगावकडे कालव्याच्या कामावर निघाले.

"हितं ऱ्हावत न्हाय, बाई. पायरी तेवढी सांभाळा. तिची बोटं हायती तितं."

नव्या बिऱ्हाडाची माणसे ती पायरी तुडवू लागली. मला ते पाहवेना. गवंड्यांना सांगून मी ती काढवली आणि शाळेच्या जाईपाशी उभी करवली. लाटा साऱ्यांना दिसाव्यात, एवढेच मनात होते. आमचे गवंडी जन्मभर काळ्या दगडात राबलेले. त्यांना शंका आली नाही. मी तर मिस्त्रींचे ऐकले होते. तरी मला आठवले नाही.

दोन पावसाळे पाणी उभ्या थरांत झिरपत राहिले. मग एका दुपारी लाटांचा आख्खा पापुद्रा सुटला आणि जाईखाली त्याची वाळू झाली.

निरोप धाडताच मिस्त्री आले. ते त्यांचे शेवटचे येणे. "मी उभी केली," एवढेच मला बोलता आले. ते गुडघ्यांवर बसले. वाळू ओंजळीने उपरण्यात भरली. उरलेल्या सपाट दगडावरून तळवा फिरवला. बोटे काहीतरी शोधत होती. रागाचा एक शब्द यावा म्हणून मी उभी होते.

वर न पाहता ते म्हणाले,

"निजवा."